रणगाड्यातून उतरून कचेरीत: जनरल जयंतनाथ चौधरी आणि हैदराबादचे पंधरा महिने

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: "१७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला, हे शाळेत शिकलो. पण १८ तारखेला कचेऱ्या कुणाच्या हुकमाने उघडल्या? आणि रणगाड्यांच्या डिव्हिजनचा सेनापती असलेल्या जनरल चौधरींना एवढ्या मोठ्या राज्याचा कारभार कसा जमला? की जमलाच नाही?"

प्रश्न नेमका आहे. मराठवाड्यात मुक्तिदिनाला झेंडावंदन होतं, हुतात्म्यांची नावं घेतली जातात आणि गोष्ट तिथेच संपते. मी महसूल खात्यात तीस वर्षांवर नोकरी केली, त्यातली बरीचशी इनामी आणि जहागिरीच्या जमिनींच्या प्रकरणांत गेली. चौधरींचं नाव मला आधी दप्तरात भेटलं, लष्करी इतिहास मी नंतर वाचला. म्हणून उत्तरही थोडं महसूलवाल्याच्या अंगाने देतो.

आधी माणूस कोण ते बघू. जयंतनाथ चौधरी, जन्म १० जून १९०८, बंगालमधल्या जमीनदार घराण्यात. आईकडून ते उमेशचंद्र बॅनर्जींचे नातू, म्हणजे १८८५ साली मुंबईत गोकुळदास तेजपाल पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, त्याच्या अध्यक्षांचे. शिक्षण कलकत्ता आणि लंडनला, मग सँडहर्स्टची लष्करी प्रबोधिनी. १९२८ ला कमिशन मिळालं आणि एका ब्रिटिश पलटणीत रिवाजाप्रमाणे वर्षभर काढून ते सेव्हन्थ लाइट कॅव्हलरीत दाखल झाले. हिंदी अधिकाऱ्यांसाठी ज्या आठ पलटणी इंग्रजांनी १९२३ मध्ये निवडल्या, त्यात घोडदळाच्या दोनच होत्या, सातवी आणि सोळावी. चौधरी एकीत वाढले आणि पुढे दुसरीचे कमांडर झाले. मित्रमंडळींत त्यांना 'मुच्चू' म्हणत.

त्यांच्या उमेदवारीच्या काळात हे रिसाले खरोखरच घोड्यांवर होते. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर घोडे गेले, चिलखती मोटारी आणि हलके रणगाडे आले. नाव घोडदळाचंच राहिलं आणि विचारही घोडदळाचाच राहिला: वेगाने घुसायचं, शत्रू सावरायच्या आत त्याच्या पाठीमागे पोचायचं, पूल हातचा जाऊ द्यायचा नाही.

पण युद्धातली त्यांची पहिली मोठी वर्षं रणगाड्यात गेली नाहीत. क्वेट्ट्याचं स्टाफ कॉलेज करून ते पाचव्या हिंदी डिव्हिजनच्या मुख्यालयात गेले आणि तिच्याबरोबर सुदान, एरिट्रिया, ॲबिसिनिया आणि मग पश्चिमेचं वाळवंट फिरले. या कामगिरीबद्दल ओबीई ही ब्रिटिश पदवी मिळाली, खलित्यांमध्ये एकापेक्षा जास्त वेळा उल्लेख झाला. पुढे क्वेट्ट्याला शिकवलं, मग १९४४-४५ मध्ये ब्रह्मदेशात सोळाव्या लाइट कॅव्हलरीचं नेतृत्व केलं. लढाई संपल्यावर १९४६ ला ते मलाया कमांडमध्ये ब्रिगेडिअर झाले. पदाचं नावच होतं 'ब्रिगेडिअर इन चार्ज ॲडमिनिस्ट्रेशन'.

तुमच्या प्रश्नाच्या निम्म्या भागाचं उत्तर इथे आहे. लष्करी मुख्यालयातलं हे काम म्हणजे काय, तर धान्य, पेट्रोल, औषधं, पगार, कैदी, निर्वासित, मोडलेले रस्ते, बंद पडलेल्या कचेऱ्या. जपान्यांनी सोडलेल्या मुलखात यातलं सगळंच एकदम अंगावर आलेलं होतं. तहसीलदाराला दुष्काळाच्या वर्षी जे करावं लागतं, तेच, फक्त पसारा शंभरपट. हैदराबादेत आले तेव्हा त्यांना कारभार नवा नव्हता. तोवर नुसती तलवार चालवलेला सेनापती असता, तर गोष्ट वेगळी झाली असती.

१९४७ च्या अखेरीस ते दिल्लीला लष्करी मुख्यालयात आले आणि १९४८ च्या मे महिन्यात पहिल्या आर्मर्ड डिव्हिजनचा ताबा घेतला. १३ सप्टेंबरला, सोमवारी पहाटे, ही डिव्हिजन सोलापूरच्या बाजूने निजामाच्या हद्दीत शिरली. पूर्वेकडून बेजवाड्याहून, म्हणजे आजच्या विजयवाड्याहून, मेजर जनरल रुद्र यांचं सैन्य निघालं होतं. सगळ्यांच्या वर होते दक्षिण विभागाचे प्रमुख महाराज राजेंद्रसिंहजी, तेही घोडदळाचे. आणि समोर निजामाच्या फौजेचे प्रमुख जनरल एल इद्रूस, हैदराबाद लान्सर्समधून पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाइनला लढून आलेले. दोन्हीकडची सूत्रं रिसालदारीत मुरलेल्या माणसांच्या हाती होती.

नळदुर्गला कधी गेलात तर किल्ल्यातला पाणीमहाल बघून परत फिरू नका. खाली बोरी नदीकडे या. सप्टेंबरमध्ये बोरी भरून वाहते, पाणी गढूळ, काठ काळ्या मातीचा, पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत रुततं. पूल उडाला असता तर त्या चिखलात रणगाडे उतरवणं म्हणजे दिवसच्या दिवस गेले असते. हल्ल्याचा सगळा डाव पूल शाबूत मिळण्यावर होता आणि तो पहिल्याच सकाळी शाबूत मिळाला. पुढे जळकोट, उमरगा, राजेश्वर, हुमनाबाद, जहिराबाद असं करत सैन्य पुढे सरकलं, दुसऱ्या तुकड्यांनी तुळजापूर, जालना, औरंगाबाद घेतलं. १७ तारखेला बिदर पडलं, त्याच संध्याकाळी निजामाने युद्ध थांबवलं. १८ ला दुपारी शहराबाहेरच्या रस्त्यावर इद्रूस चौधरींसमोर आले आणि शरणागती झाली. पाच दिवस.

आता तुमचा पहिला प्रश्न. १८ तारखेला कचेऱ्या कुणाच्या हुकमाने उघडल्या? निजामाच्याच. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती कुणी सांगत नाही. निजामाला गादीवरून खाली ओढलं नाही. त्याच्याकडून फर्मान घेतलं गेलं की राज्यकारभाराचे सगळे अधिकार लष्करी गव्हर्नरकडे, म्हणजे चौधरींकडे, सोपवले आहेत. म्हणजे कायद्याचा धागा तुटला नाही. अव्वल तालुकदार, ज्याला आपण कलेक्टर म्हणतो, त्याच्या हाताखालचे तहसीलदार, पेशकार, गिरदावर, गावचे माळीपाटील आणि पटवारी, यांच्या नेमणुका एका रात्रीत बेकायदा ठरल्या नाहीत. वसुली चालू राहिली, कोर्टाचे दावे चालू राहिले, शिक्का हाली म्हणजे निजामाच्या नाण्याचा, सन फसली म्हणजे महसुली वर्षाचा, भाषा उर्दू. इंग्रजी सरकारच्या सहा रुपयांना सात रुपये हाली, हा हिशेबही तसाच. काही दिवसांत निजामाने संयुक्त राष्ट्रांतली तक्रारही मागे घेतली. दप्तर न थांबवता धनी बदलण्याची ही रीत मला आजही अप्रतिम वाटते. जिंकलेल्या मुलखात जुनं खातं मोडून नवं बसवायचा प्रयत्न झाला असता, तर पहिली दोन वर्षं सातबाऱ्याविनाच गेली असती, हे महसूलवाल्याला समजावून सांगावं लागत नाही.

चौधरींच्या मदतीला मुख्य मुलकी प्रशासक म्हणून मुंबईकडचे आयसीएस अधिकारी डी. एस. बखले आले. जिल्ह्यांवर मुंबई, मद्रास आणि मध्य प्रांतातून अधिकारी आणले गेले. तेव्हाचं राज्य लहान नव्हतं: ८२ हजार चौरस मैलांच्या वर, दीड कोटीहून जास्त माणूस, १६ जिल्हे. त्यातले औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच आपले.

आणि आता ते सांगतो, जे सांगताना माझ्या पिढीचा माणूस अजून आवाज खाली आणतो.

माझ्या वडिलांचं गाव सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून. आजी सांगायची, रणगाडे गेले तेव्हा घरातली भांडी फळीवर वाजत होती आणि धुरळा नाही, चिखल उडत होता. त्या गावात त्यानंतर काही झालं नाही, कारण रस्त्यावर फौजेची ये-जा होती. माझं आजोळ आत, सात-आठ कोसांवर. तिथे कितीतरी दिवस कुणीच फिरकलं नाही. रझाकार पळाले होते, निजामाची पोलीस चौकी ओस पडली होती, नवं सरकार आलेलं नव्हतं. रझाकारात त्या भागाने काय सोसलं होतं, ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे: जाळलेली घरं, लुटलेलं धान्य, सरहद्दीपलीकडच्या छावण्यांत गेलेली माणसं. त्याचा सूड मात्र ज्यांच्यावर निघाला, त्यातल्या बहुतेकांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. आजोळच्या गावात अत्तार आणि मोमीन अशी काही घरं होती. पुढे नव्हती. आई एवढंच सांगायची. पुढचं तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

भारत सरकारने पाठवलेलं पंडित सुंदरलाल यांचं पथक १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये राज्यभर फिरलं. त्यांच्या अहवालात कारवाईच्या काळात आणि नंतर मेलेल्यांचा अंदाज २७ हजार ते ४० हजार असा दिला आहे, आणि सगळ्यात वाईट हाल झालेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावं आहेत. काही ठिकाणी लष्कर आणि पोलिसांतल्या माणसांनीही लुटीत आणि हत्येत भाग घेतल्याचं त्यात लिहिलं आहे. आणि हेही लिहिलं आहे की अनेक गावांत हिंदूंनी जिवावर उदार होऊन शेजाऱ्यांना वाचवलं, विणकरांनी विणकरांना राखलं. सरकारने तो अहवाल मान्य केला नाही, कित्येक दशकं प्रसिद्धही केला नाही. सरकारची अडचण मला समजते, पण अहवाल दाबणं मला कधीच पटलं नाही. उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, आणि नांदेड आपलेच जिल्हे आहेत, त्यांचा इतिहास अर्धा वाचून चालणार नाही.

चौधरींचा यात दोष किती? माझं मत असं. मोहिमेची आखणी शहर काबीज करण्याची होती, मुलूख राखण्याची नव्हती. घोडदळाची जी ताकद, तीच इथे उणी पडली. रणगाड्यांचा रस्ता धरून पाच दिवसांत राजधानी गाठली आणि दोन रस्त्यांच्या मधला सगळा प्रदेश रिकामा राहिला. मागून येणारे मुलकी अधिकारी आणि पोलीस यांची जुळवाजुळव झाली होती, पण ती त्या वेगाला पुरी पडली नाही. गव्हर्नर म्हणून त्यांनी नंतर बंदोबस्त बसवला, हे खरं. पण सगळ्यात भीषण घडायचं ते पहिल्या काही आठवड्यांत घडून गेलं होतं. राज्य त्यांच्या नावावर होतं, तेव्हा तो हिशेबही त्यांच्या नावावर लागतो.

तेलंगणातलं प्रकरण वेगळं. नलगोंडा, वरंगळमध्ये कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी देशमुखांच्या जमिनी वाटून घेतल्या होत्या. तो उठाव निजामाविरुद्ध सुरू झाला, पण लष्करी राजवट आल्यावरही थांबला नाही. चौधरींनी तिथे फौज वापरली, माणसं तुरुंगात टाकली. लढा संपला १९५१ च्या ऑक्टोबरमध्ये, ते जाऊन दोन वर्षं होत आल्यावर. बंदुकीने तो प्रश्न सुटला नाही.

आता जे मला त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं काम वाटतं, त्याकडे येतो. निजामी मुलखात जमीन सरळ सरकारची नव्हती. साधारण ६० टक्के दिवाणी, म्हणजे सरकारी महसुलाची. सुमारे १० टक्के सर्फेखास, निजामाची खाजगी मालमत्ता, ज्यात आपल्या धाराशिव भागातले काही तालुके होते. उरलेली ३० टक्क्यांच्या आसपास जहागीरदार, पायगा म्हणजे निजामाचे बडे सरदार, आणि संस्थानिकांची. जहागिरीत जहागीरदाराचा स्वतःचा महसूल, कित्येक ठिकाणी स्वतःचे पोलीस, स्वतःची न्यायकचेरी. एकाच शिवारातली दोन गावं, एक दिवाणीतलं आणि एक जहागिरीतलं, आणि शेतसारा वेगळा, दाद मागायचं ठिकाण वेगळं. १९४९ च्या सुरुवातीला सर्फेखास सरकारात विलीन झालं, निजामाला त्याचा मोबदला ठरवून दिला गेला. आणि १५ ऑगस्ट १९४९ ला जहागिरी रद्द करणारा विनियम निघाला. जहागीर प्रशासक नेमला गेला आणि थोड्याच आठवड्यांत गावं ताब्यात आली. मोबदल्याचा विनियम १९५० च्या सुरुवातीला आला.

निवडून आलेलं सरकार असतं तर एवढं काम इतक्या लवकर झालं असतं का? मला शंका आहे. बाकी हिंदुस्थानात जमीनदारी रद्द करण्याचे कायदे विधिमंडळांत आणि मग न्यायालयांत वर्षानुवर्षं अडले. इथे लष्करी गव्हर्नरच्या सहीने जरीद्यात, म्हणजे राजपत्रात, छापून आलं आणि अंमल सुरू झाला. लोकांना न विचारता लोकांचं भलं झालं, हे पचवायला अवघड आहे, पण दप्तर तसंच सांगतं. कुळांना खरं संरक्षण देणारा कायदा आला १९५० मध्ये. पण मधला जहागीरदार आधी बाजूला झालेला नसता, तर तो कायदा जवळजवळ एक तृतीयांश मुलखात कुणाविरुद्ध वापरायचा, हाच घोळ पडला असता.

एक कागद डोळ्यांसमोर आहे. माझ्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एक शेतकरी पिशवीत फडक्यात गुंडाळून आणलेला मुंतखब, म्हणजे इनामाचा सरकारी दाखला, घेऊन आला. पातळ पिवळा कागद, घडीवर फाटलेला, वळणदार उर्दू, खाली शिक्का आणि सन १३५८ फसली. आमच्या कचेरीत उर्दू वाचणारा एकच निवृत्त पेशकार येत असे. तो ओळीवर बोट ठेवून वाचायचा आणि मी मराठीत उतरवून घ्यायचो. इनाम मदतमाश की खिदमतमाश, एवढ्या एका शब्दावर त्या माणसाची तीन एकर जमीन अवलंबून होती. मदतमाश म्हणजे उदरनिर्वाहासाठी दिलेलं, खिदमतमाश म्हणजे सेवेच्या बदल्यात, देवस्थान, मशीद, दर्गा यांच्या चाकरीसाठी. पहिलं माणसाच्या नावे होऊ शकतं, दुसरं संस्थेचं राहतं. शब्द निघाला मदतमाश. तो शेतकरी काही बोलला नाही, पेशकाराच्या हातात दोन केळी ठेवून गेला. १९४८-४९ मध्ये दप्तर जळू न देता, धनी बदलूनही चालू ठेवलं गेलं, म्हणून तो कागद तीस वर्षांनी कामी आला.

नोकरभरतीची बाजू मात्र दुखरी राहिली. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांबद्दल स्थानिकांत नाराजी साचत गेली आणि १९५२ मध्ये मुल्की, म्हणजे स्थानिकांच्या हक्काच्या, चळवळीच्या रूपाने ती रस्त्यावर आली. उर्दूत कारभार शिकलेली माणसं मागे पडली, मुस्लिम अधिकाऱ्यांपैकी कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. यात निकड किती आणि आकस किती, हे प्रत्येक प्रकरण उघडल्याशिवाय सांगता येणार नाही.

१९४९ च्या नोव्हेंबरमध्ये निजामाने भारताची राज्यघटना स्वीकारल्याचं फर्मान काढलं. डिसेंबरमध्ये लष्करी राजवट संपली, कारभार आयसीएस वेल्लोडींकडे गेला आणि २६ जानेवारी १९५० पासून निजाम राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखा नामधारी प्रमुख, झाला. चौधरी आपल्या सैन्यात परतले. सत्ता हाती असताना मुदत लांबवायची त्यांनी खटपट केली नाही, याची नोंद घ्या. त्याच दशकात आशियातले किती सेनापती खुर्चीवर बसले ते बसलेच.

पुढची कारकीर्द थोडक्यात. १९५९ पासून ते पुण्यात दक्षिण विभागाचे प्रमुख होते आणि १९६१ च्या डिसेंबरात गोव्याची मोहीम त्यांच्या हाताखाली झाली. तिथे लष्करी गव्हर्नर झाले मेजर जनरल कँडेथ आणि जेमतेम सहा महिन्यांत, जून १९६२ मध्ये, कारभार मुलकी माणसाकडे गेला. मुलूख लहान होता हे खरं, तरी हैदराबादचे पंधरा महिने आणि गोव्याचे सहा, ही तुलना अभ्यासकाने जरूर करावी. चीनयुद्धाच्या पराभवानंतर, २० नोव्हेंबर १९६२ ला, ते लष्करप्रमुख झाले. १९६५ च्या युद्धातले त्यांचे काही निर्णय वादात आहेत. अमृतसर आघाडीवर बियास नदीच्या मागे यायची त्यांची सूचना होती आणि आपण ती मानली नाही, असं पश्चिम विभागाचे प्रमुख हरबक्षसिंग यांनी लिहून ठेवलं आहे. १९६६ ला निवृत्ती, पद्मविभूषण, मग कॅनडात उच्चायुक्त. ६ एप्रिल १९८३ ला ते गेले.

१९६५ च्याच युद्धात, १६ सप्टेंबरला, पाकिस्तानातल्या चविंड्याच्या लढाईत पूना हॉर्स या रणगाड्यांच्या पलटणीचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर पडले, परमवीर चक्राचे मानकरी. पुण्यात शिकलेले तारापोर मुळात निजामाच्या फौजेतले, हैदराबाद लान्सर्सचे अधिकारी. १९४८ मध्ये जी फौज चौधरींच्या समोर होती, तिच्यातला हा माणूस सतरा वर्षांनी चौधरी लष्करप्रमुख असताना, चौधरींच्याच जुन्या डिव्हिजनमध्ये लढताना गेला. हैदराबादच्या फौजेतली निवडक माणसं भारतीय सैन्यात सामावून घेतली गेली, त्याचं याहून ठळक उदाहरण मला सापडत नाही.

जाता जाता एक कामाची गोष्ट. तुमच्या घरी किंवा गावात या काळातला कागद असेल, तर फसली सनात ५९० मिळवा, इसवी सन कळेल. १३५८ म्हणजे ऑक्टोबर १९४८ ते पुढच्या वर्षीचा सप्टेंबर. उर्दू वाचता येणाऱ्या जुन्या माणसाकडून आधी शब्दशः वाचून घ्या, मग अर्थ लावा. आणि कागद लॅमिनेट करू नका. घडी हळूच उघडा, सुती कापडात सपाट ठेवा आणि मूळ प्रत कुणाच्याही हाती देऊ नका, अगदी तहसीलच्या शिपायाच्यासुद्धा.